आत्याबाईची पेरूची बाग

माझ्या लहानपणी पुण्याहून आत्याबाईकडे राहात्याला निघायचे म्हटले, की आई सामानात दोन रिकाम्या पिशव्या घालून द्यायची. जाताना त्या घडी करून ट्रंकेच्या तळाशी असत आणि येताना दोन माणसांना उचलत नसत. दिवाळीच्या सुटीतले ते दिवस. दौंडला गाडी बदलायची, मनमाडकडे जाणारी गाडी धरायची आणि नगर, राहुरी, बेलापूर अशी स्टेशने मोजीत चितळीला उतरायचे. स्टेशनाबाहेर आतोबांची बैलगाडी उभी असे. गाडीत उसाचे पाचट अंथरलेले, त्यावर घोंगडी, आणि घोंगडीच्या एका टोकाला आमच्यासाठी बांधून आणलेली मोसंबी. वस्तीवर पोचेपर्यंत आम्हां भावंडांची तोंडे, हात आणि सदरे सारखेच चिकट झालेले असत.

आता एस.टी. पुण्याहून थेट जाते. नगर मागे पडले, की राहुरी येते. तेथे 1968 साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची लांबच लांब शेते दिसतात. मग कोल्हारला प्रवरेचा पूल, मग बाभळेश्वर आणि मग राहाता. गाडीतले बहुतेक लोक शिर्डीचे असतात. शिर्डी अवघी पाच किलोमीटर राहिली असताना मी पिशवी घेऊन उठतो, तेव्हा शेजारचा प्रवासी हमखास विचारतो, "अहो, शिर्डी पुढे आहे!" त्याला वाटते, या गृहस्थाची चूक होत आहे. मी त्याला सांगतो, की खुद्द साईबाबासुद्धा खुशालचंद शेठना भेटायला राहात्याला येत असत, असे त्यांच्या चरित्रातच आहे. मग तो काही बोलत नाही.

2024 साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. आत्याबाई अजून 'नगर'च म्हणते. तिचे वय ऐंशीच्या घरात आहे, आणि नगर तिच्या दृष्टीने दवाखान्याला जायचे गाव आहे. त्याला काय म्हणायचे याचा तिला फारसा विधिनिषेध नाही.

हा मुलूख मुळात कोरडा. सह्याद्रीच्या पलीकडे ढग रिकामे होतात, आणि इकडे येतो तो वर्षाला जेमतेम 20 इंच पाऊस. पण नाशिक जिल्ह्यात इगतपुरीकडे दारणा नदीवर इंग्रजी अमदानीत धरण बांधले गेले. ते 1916 साली पुरे झाले. त्याचे पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावर अडवून गोदावरीच्या दोन्ही अंगांनी कालवे काढले. उजवा कालवा कोपरगाव-राहात्याच्या अंगाने जातो. गंमत अशी, की पाणी आले तेव्हा ते कसे वापरावे हे इथल्या बाजरी-ज्वारीच्या शेतकऱ्याला ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते सासवडच्या माळ्यांना. नीरेच्या पाटावर ऊस करून त्यांचे हात तयार झाले होते. ते बैलगाड्या जुंपून इकडे आले, जमिनी खंडाने घेतल्या आणि ऊस लावून गुऱ्हाळे घातली. याच सासवडकरांनी पुढे सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ माळीनगरचा साखर कारखाना उभा केला. आत्याबाईचे आजेसासरे असेच एक गाडी आणि दोन बैल घेऊन आले आणि राहात्याला राहिले. आमचे घराणेही सासवडचेच, म्हणून सोयरीक जुळली.

पुढे 1950 साली शेजारी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि सगळा शिवार उसाचा झाला. आतोबांनी मात्र तीन एकरांपैकी एक एकर फळांना राखून ठेवला. आत्याबाई सांगते, "समदे म्हणायचे, ऊस लाव, कारखाना न्हेतो, डोक्याला ताप न्हाई. आन् ह्ये म्हणायचे, उसाला कोन पोरगं झोंबतं का?"

माझ्या लहानपणची ती मोसंबीची बाग डिंक्याने गेली. झाडाच्या बुंध्यातून डिंक गळू लागे, साल फाटे आणि दोन-तीन वर्षांत झाड उभ्याचे वाळे. त्या काळी कोपरगाव-श्रीरामपूरकडच्या कितीतरी बागा अशाच बसल्या. आतोबांनी अखेर बाग काढली. 1990 साली सरकारने रोजगार हमीला जोडून फळबागांची योजना आणली, आणि पुढच्याच पावसाळ्यात त्यांनी त्या एकरात वीस-वीस फुटांवर पेरूची 108 कलमे लावली. जात 'सरदार'. तिलाच जुने लोक 'लखनौ 49' म्हणतात. नाव लखनौचे असले तरी जात पुण्याची. लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतून गणेशखिंडीच्या बागेत डॉ. चीमा यांनी ती निवडून काढली. म्हणजे राहात्याचा म्हणून जो पेरू प्रवासी हौसेने घेतात, तो एका अर्थी माझ्याच गावचा निघाला! हे मी आत्याबाईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मंग तुमी पुन्याचे लोक हितून पिशव्या भरभरून का न्हेता?"

गेल्या वर्षी वैशाखात एका लग्नाच्या निमित्ताने मी तिकडे गेलो होतो. सकाळी बागेत चक्कर मारली आणि छातीत धस्स झाले. पाने पिवळी पडून गळत होती, उरलेली वळली होती, जमिनीला भेगा गेल्या होत्या. पाटाचे पाणी बंद झाले की काय, असे मनात आले. या भागात पाण्याची चिंता नवी नाही. एके काळी ऊस आणि फळबागांचे 'ब्लॉक' मंजूर असत आणि पाण्याची पाळी घड्याळासारखी येई. आता सात नंबरचा अर्ज भरून द्यायचा आणि आवर्तन सुटेल तेव्हा खरे, अशी स्थिती. त्यात 2005 च्या कायद्याने वरच्या धरणांचे पाणी तुटीच्या वर्षी जायकवाडीला सोडावे लागते. 2015 साली सोडले, 2018 साली सोडले, 2023 सालीही सोडले. इथली माणसे त्यावर चिडून बोलतात. पण खाली मराठवाड्यातली माणसेही तहानलेलीच आहेत, हे त्यांनाही कळते.

मी घाईघाईने घरी येऊन वहिनींना म्हटले, "वहिनी, बाग वाळली की हो! विहिरीला पाणी नाही का?"

त्या भाकरी थापीत होत्या. हात न थांबवता हसल्या. म्हणाल्या, "विहिरीला पानी हाये भाऊजी. बागेला ताण दिलाय."

मग मला फळबागेचा तो पहिला धडा मिळाला. पेरूला आपले आपण सोडले तर तो वर्षभर थोडा थोडा फुलत राहतो आणि कशालाच धड येत नाही. म्हणून माणसाने ठरवायचे, कोणता बहार धरायचा. माघ-फाल्गुनात फुलतो तो आंबे बहार; त्याचे फळ पावसाळ्यात येते, पाणचट लागते आणि फळमाशी त्याची वाट पाहतच असते. आश्विनात फुलतो तो हस्त बहार. आणि मृगाच्या पावसावर फुलतो तो मृग बहार. त्याचे फळ थंडीत येते आणि पेरूला थंडीइतके काही मानवत नाही. मृग बहार हवा असेल तर चैत्र-वैशाखात पाणी तोडायचे. झाड पाने टाकते, वाढ थांबवते आणि अंगातला रस अंगातच साठवते. मग मृगाच्या तोंडावर आळी उकरून, शेणखत घालून एकदम पाणी द्यायचे. महिन्याभरात सगळी बाग पांढरी होते.

"ताण थोडा झाला तर पालाच फुटतो," दादा म्हणाला, "आन् जादा झाला तर झाडच जातं. किती द्यायचा, ते बुकात न्हाई. पान बघून समजायचं."

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट दिसली. ताण एकट्या बागेला नव्हता. उन्हाळ्यात घरात फळाचा पैसा नसतो. खत आणायचे ते उधारीवर. धाकटी पुतणी लोणीला नर्सिंग शिकते, तिची फी थांबलेली. दादाच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती. विचारले तर म्हणाला, "मार्गशीर्षात करू."

तेव्हा मार्गशीर्षात मी मुद्दाम आठ दिवस रजा काढून गेलो. बरोबर दोन पिशव्या होत्याच.

पहाटे साडेचारला घर उठते. बाहेर बोचरी थंडी, पाटाच्या बाजूने धुके. कानटोप्या, मफलर, जुने स्वेटर, असा सगळा सरंजाम चढवून घर बागेत शिरते. पेरू दिसला आणि तोडला असे नसते. गर्द हिरवा रंग उतरून फळ पोपटी-पिवळसर झाले, त्याच्या अंगावर किंचित चमक आली, की ते तोडायचे. आणि तेही देठाला एखादे पान ठेवून. मी हौसेने पहिल्या दिवशी अर्धी पाटी तोडली, आणि आत्याबाईने ती पाहून निवाडा दिला, "ह्यातले निम्मे उद्याचे व्हते." दुसऱ्या दिवशी मला कॅरेट उचलण्याच्या कामावर नेमण्यात आले.

सूर्य वर आला की राघूंच्या झुंडी येतात. राघू एक पेरू कधी पुरा खात नाही. चार टोची मारतो आणि दुसऱ्यावर जातो. दादाचा शाळकरी भाचा सुटीला आला होता, त्याच्याकडे पत्र्याचा डबा वाजवण्याचे खाते होते. रात्री वटवाघळे येतात, ती डब्याला भीत नाहीत. सकाळी झाडाखाली पडलेली उष्टी फळे गोळा करून गायीपुढे टाकायची, हे काम आत्याबाईचे. ती ती फळे नुसती उचलत नाही. प्रत्येक फळाकडे बघून वटवाघळांच्या कुळाचा उद्धार करते.

पूर्वी बहार उभाच विकत असत. श्रावणात नगरहून एक वयस्क बागवान येत. बांधावरून एक फेरी मारीत, दोन-चार फांद्या उचलून बघत आणि आकडा सांगत. विसार दिला, की राखण, तोडणी, विक्री सारे त्यांचे. एका वर्षी गारांनी निम्मा बहार झोडपला, तरी त्या गृहस्थांनी ठरल्या पैशातला एक रुपया कापला नव्हता. आतोबा शेवटपर्यंत त्यांचे नाव काढीत. ते बागवान गेले, आतोबाही गेले. पुढे दादाच्या नशिबी दर वर्षी नवा माणूस आणि दर वर्षी नवी कटकट आली. मग वहिनींनी एक दिवस नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला चार बांबू रोवून वर ताडपत्री ताणली, खाली पाटीत पेरू रचले आणि बसल्या. घरात आठ दिवस दादा त्यांच्याशी बोलला नाही. माळ्याच्या घरची सून रस्त्यावर बसली, हे त्याला लागले होते. नवव्या दिवशी वहिनींनी पैसे त्याच्यापुढे मोजले. बागवानाने जागेवर दिला असता त्याच्या दुप्पट भाव पडला होता. दहाव्या दिवशी ताडपत्रीला पक्की दोरी बांधायला दादा स्वतः गेला.

मीही दोन दिवस त्या टपरीवर बसलो. गुरुवारी शिर्डीच्या गाड्यांची रीघ लागते. सुरतेचे, हैदराबादचे, मुंबईचे लोक उतरतात. वहिनी पेरूच्या चार फोडी करतात, मीठ-तिखट लावतात, आणि गिऱ्हाइकाने पहिली फोड तोंडात घातली की त्याच्याकडे न बघता किलोचे माप हातात घेतात. मी विचारले, "नाही घेतले तर?" त्या म्हणाल्या, "फोड खाल्लेला मानूस आजवर परत गेला न्हाई."

उरलेला माल राहात्याच्या बाजार समितीत लिलावाला जातो. पेरू तीन-चार दिवसांच्या वर थांबत नाही. उसासारखी त्याची वाट बघता येत नाही. म्हणून हंगामात या घरी कोणी आजारी पडत नाही, की रुसत नाही. तेवढा वेळच नसतो. जेवण बागेतच. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पिकल्या पेरूची गूळ घातलेली भाजी. धाकटी शनिवारी लोणीहून आली, की पुस्तके ठेवून सरळ तोडणीला लागे. तिची फी भरली गेली होती. दादाच्या चष्म्याला नवी काडी आली होती.

पण आठ दिवसांत मी झाडे मोजली होती. 108 पैकी 31 नव्हती. काही नुसते वाळके खुंट उभे होते, आणि आणखी काही झाडांची शेंड्याकडची पाने पिवळी पडू लागली होती. हा ताण नव्हता.

निघण्याच्या आदल्या रात्री शेकोटीभोवती ही गोष्ट निघाली. पुतण्याने एक मुळी आणून माझ्या हातात दिली. आल्याच्या कुड्यासारख्या गाठीच गाठी होत्या तिच्यावर. बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात त्याने माती आणि मुळ्या दाखवल्या होत्या. सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारा किडा मुळीत शिरतो, गाठी करतो, आणि त्या जखमेतून मर रोगाची बुरशी आत जाते. झाडे तिशी ओलांडलेली. औषधाने किती दिवस रेटणार?

"काका, बाग काढायची," पुतण्या म्हणाला. "तैवान पिंक लावू. जवळ जवळ लागवड, दुसऱ्या वर्षी फळ. परत्येक फळाला जाळी आन् पिशवी."

दादा गप्प होता. बापाने लावलेली झाडे. आणि दुसरे असे, की तोडली तर निदान दोन-तीन वर्षे फळाचा पैसा नाही, आणि धाकटीचे शिक्षण अजून दोन वर्षांचे. सगळे आत्याबाईकडे बघत होते, आणि बघत नाही असे दाखवीत होते. मला वाटले, ती आता पदर डोळ्याला लावणार.

ती म्हणाली, "तोडा."

मग शेकोटीतले लाकूड पुढे सारून म्हणाली, "ह्यांनी मोसंबी तोडली तव्हा म्या तीन दिस जेवले न्हाई. चौथ्या दिशी मला हाताला धरून न्हेलं आन् मुळी दाखवली. काळी पडल्याली. म्हणाले, हिच्यात जीव न्हाई, आपुन उगं हिच्या जिवावर बसलोय. तव्हा तोडा. पर त्याच जागी लगीच पेरू लावू नगा. येक वरीस मातीला इसावा द्या. त्यांनी दिला व्हता."

"आन् त्या वर्षी खाल्लं काय?" दादाने विचारले.

"माझ्या पाटल्या," आत्याबाई म्हणाली. "औंदा कुनाच्या मोडायच्या त्ये तुमी बघा."

कोणी काही बोलेना. वहिनींच्या हातात दोन बांगड्या आहेत, त्या त्यांनी नकळत पदराखाली घेतल्या, हे मी पाहिले. मग त्याच म्हणाल्या, "कुनाच्या मोडायला नगं, आत्या. टपरी हाये. आपली बाग नसली तरी गावात पेरू हायेत. दुसऱ्याचं इकत घेऊन बसंन. गिऱ्हाइक माझं हाये, झाडाचं न्हाई."

दादाने पहिल्यांदाच मान वर केली. पुतण्या म्हणाला, की विसाव्याच्या वर्षात झेंडू लावावा. झेंडूच्या मुळांनी सूत्रकृमी हटतो आणि दसरा-दिवाळीला चार पैसेही येतात. एवढे सगळे ठरले, तेव्हा आत्याबाईने शेवटी आपली अट घातली. विहिरीच्या थारोळ्याजवळचे एक झाड ठेवायचे. पुतण्याने रोगाचे कारण सांगून पाहिले. ती म्हणाली, "त्ये लांब हाये, निरोगी हाये. आन् राघूंनी जायचं कुठं?" ज्यांच्या कुळाचा तिने आयुष्यभर उद्धार केला, त्यांची ही सोय ऐकून सगळे हसले. झाड राहिले.

संक्रांतीला आत्याबाईने गावातल्या सुवासिनींना त्या बागेचे पेरू वाण म्हणून वाटले, असे वहिनींनी फोनवर सांगितले. फाल्गुनात बाग निघाली. खुंट आणि मुळ्या वेचून जाळल्या, जमीन नांगरून वैशाखाच्या उन्हात तापत टाकली. या वर्षी त्या एकराला ताण द्यायला झाडच नव्हते. श्रावणात झेंडू लागला. हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर दसऱ्याचा तोडा होऊन गेलेला असेल आणि दिवाळीचा चालू असेल. टपरी उभी आहे. शेजारच्या बागांतले पेरू घेऊन वहिनी बसतात. भाव पूर्वीसारखा सुटत नाही; पण धाकटीची फी या खेपेला उन्हाळ्यातच भरली गेली.

परवा आत्याबाईला फोन केला. मार्गशीर्षात येतो म्हटले, आणि सहज विचारले, की या वर्षी पिशव्या घरीच ठेवू ना?

पलीकडून आवाज चढला. "का? मोसंबी गेली तव्हा तुझी आय रिकामी गेली व्हती का? झेंडू हाये, बाजरी हाये, विहिरीवरच्या झाडाला राघूंनी ठिवल्यालं चार पेरू हायेत. दोन्ही पिशव्या आन."